चिनी मोटरसायकली, पश्चिमेची बाजारपेठ आणि सुट्या भागांचा प्रश्न

प्रश्न असा आहे: सीएफमोटो, व्होज, क्यूजे, झोंटेस अशा चिनी नावांच्या मोटरसायकली युरोपच्या रस्त्यांवर आता सर्रास दिसू लागल्या आहेत. या कंपन्या तिथे आणि अमेरिकेत कायमच्या रुजतील, की स्वस्त मालाची एक लाट म्हणून येतील आणि ओसरतील? माझे उत्तर आधीच सांगतो. युरोपात रुजतील, निदान त्यांपैकी चार-पाच तरी. अमेरिकेत रस्त्यावरच्या मोटरसायकलींपुरते त्यांचे स्थान बराच काळ लहान राहील. आणि दोन्ही ठिकाणी निकाल लागेल तो विकलेल्या गाडीला सातव्या-आठव्या वर्षी सुटा भाग मिळतो की नाही यावर. माझी नोकरी दुचाकींच्या सुट्या भागांच्या पुरवठ्यात आणि गुणवत्ता-तपासणीत गेली, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते. पण चिनी मोटरसायकल उद्योग ज्या पद्धतीने घडला ती पद्धत पाहिली, तर त्याचे बळ आणि त्याची कमतरता एकाच ठिकाणी आहे हे कोणालाही पटेल, आणि ते ठिकाण सुट्या भागांचेच आहे.

या उद्योगाचे माहेरघर चोंगचिंग. डोंगराळ प्रदेशात, नदीकाठी वसलेल्या या शहरात शस्त्रास्त्रांचे कारखाने होते. १९७९ नंतर त्यांना नागरी वापराच्या वस्तू बनवायला सांगण्यात आले. जियालिंग या अशाच एका कारखान्याने मोटरसायकली बनवायला सुरुवात केली आणि पुढे होंडाशी तांत्रिक सहकार्य केले. जियानशे या दुसऱ्या कारखान्याने यामाहाशी केले. या सरकारी कारखान्यांभोवती ओतकाम, गिअर, क्लच, कार्ब्युरेटर, वायरिंग असे एकेक काम करणारे शेकडो छोटे पुरवठादार उभे राहिले. १९९२च्या सुमारास यिन मिंगशान यांनी लिफान आणि झुओ झोंगशेन यांनी झोंगशेन सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे संशोधन विभाग नव्हता, मोठे भांडवलही नव्हते. पण हे पुरवठादार शहरातच हजर होते. शेजारच्या लोनसिननेही तोच मार्ग धरला.

त्यांची पद्धत बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. जपानी कंपनी प्रत्येक भागाचे आरेखन स्वतः करते किंवा पुरवठादाराकडून आपल्या देखरेखीखाली करवून घेते, आणि त्या आरेखनावर मालकी आपली ठेवते. चोंगचिंगमध्ये कंपनीने ढोबळ गोष्टी ठरवायच्या, म्हणजे इंजिनाचे आकारमान, वजन, जोडणीची ठिकाणे आणि किंमत. तपशील पुरवठादारांनी आपापसांत बोलून जुळवायचे. आधार म्हणून बहुतेक वेळा होंडाचे सीजी १२५ हे इंजिन असे. हे पुशरॉडचे साधे इंजिन होंडाने देखभालीची फारशी सोय नसलेल्या देशांसाठीच बनवले होते, आणि जगात सर्वाधिक नकला झालेल्या इंजिनांत त्याची गणना होते. सगळ्यांचा आधार एकच असल्यामुळे एका पुरवठादाराचा क्लच दुसऱ्याच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या कवचात, बसायचा. त्यामुळे नवी मोटरसायकल काही महिन्यांत बाजारात येत असे, आणि एखाद्या भागाची किंमत चार पैशांनी कमी करणारा दुसरा पुरवठादार सापडला की भाग मध्येच बदलला जात असे. खर्च आश्चर्यकारक वेगाने खाली आला तो यामुळेच. पण एकाच मॉडेलच्या मार्चमध्ये बनलेल्या आणि सप्टेंबरमध्ये बनलेल्या गाड्यांतले भाग एकसारखे असतील, याची खात्री कोणीच देऊ शकत नव्हते.

याची पहिली मोठी परीक्षा व्हिएतनाममध्ये झाली. २००० सालाच्या आसपास चिनी मोटरसायकली तिथे होंडाच्या साधारण एक तृतीयांश किमतीत उतरल्या आणि दोन वर्षांत त्यांनी बाजाराचा मोठा हिस्सा घेतला. ज्या कुटुंबांना मोटरसायकल परवडतच नव्हती, त्यांना ती या गाड्यांमुळे मिळाली, आणि याचे मोल मी कमी लेखणार नाही. पण होंडाने चीनमधल्या, पूर्वी आपल्याच गाड्यांच्या नकला करणाऱ्या सुंडिरो या कंपनीशी २००१ मध्ये भागीदारी केली, तिथले स्वस्त भाग पारखून घेतले, आणि २००२ मध्ये वेव्ह अल्फा ही कमी किमतीची गाडी व्हिएतनाममध्ये आणली. त्याच सुमारास तिथल्या सरकारनेही आयात भागांवर बंधने आणली. तोवर चिनी गाड्यांचे भाग झिजू लागले होते आणि पुनर्विक्रीची किंमत घसरली होती. ग्राहक होंडाकडे परतला. चिनी कंपन्यांच्या अपयशाचा दाखला म्हणून हे उदाहरण नेहमी दिले जाते. माझ्या मते तो अर्धाच धडा आहे. होंडा जिंकली ती चिनी पुरवठादारांचेच भाग वापरून. म्हणजे भाग बनवण्याची क्षमता तेव्हाही तिथे होती. भाग कोणता, कधी आणि का बदलला याची शिस्त ठेवणारे कोणी नव्हते.

ती शिस्त पुढच्या वीस वर्षांत आली, आणि ती पाश्चात्त्य कंपन्यांनीच शिकवली. लोनसिनने २००० नंतरच्या दशकातच बीएमडब्ल्यूसाठी इंजिने बनवायला घेतली होती. २०१८ मध्ये आलेल्या एफ ७५० जीएस आणि एफ ८५० जीएस या गाड्यांचे ८५३ सीसीचे जोड-सिलिंडर इंजिन लोनसिनच्या कारखान्यात बनून बीएमडब्ल्यूच्या बर्लिनमधल्या कारखान्यात जाऊ लागले. सी ४०० ही स्कूटर तर संपूर्णपणे तिथेच बनते. बर्लिनच्या जोडणी-रांगेवर जाणाऱ्या इंजिनात पुरवठादार मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही. प्रत्येक बदलाची नोंद, प्रत्येक तुकडीचा माग, नव्या भागाचा पहिला नमुना मंजूर होईपर्यंत उत्पादन थांबवणे, ही सगळी शिस्त पाळावी लागते. मी स्वतः ज्या कारखान्यांत काम केले तिथे ही शिस्त अंगी बाणायला वर्षे लागली, आणि ती परदेशी ग्राहकाच्या धाकाशिवाय बाणली नसती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. हांगझौच्या सीएफमोटोचे तसेच झाले. ऑस्ट्रियाच्या केटीएमशी तिचे सहकार्य गेल्या दशकाच्या सुरुवातीपासूनचे. पुढे संयुक्त कंपनी झाली, केटीएमची ७९० मालिका हांगझौला बनू लागली, आणि केटीएमच्याच ७९९ सीसी इंजिनावर सीएफमोटोने आपली ८००एमटी उभी केली. २०२४ मध्ये डेव्हिड अलोन्सोने सीएफमोटोच्या नावाखाली मोटो-३ या छोट्या इंजिनांच्या शर्यत-मालिकेचे विश्वविजेतेपद मिळवले. ती रेसची गाडी मुळात केटीएमची होती हे खरे, पण स्पेन-इटलीतल्या तरुण चालकाच्या मनात नाव कोरायला तेवढे पुरते.

तिसरा मार्ग होता जुनी नावे विकत घेण्याचा. झेजियांग प्रांतातल्या वेनलिंगच्या चियांजियांग कंपनीने २००५ मध्ये इटलीच्या पेसारो गावातली, १९११ पासूनची बेनेली घेतली. २०१८ मध्ये इटलीचीच मोटो मोरिनी झोंगनेंग या चिनी कंपनीकडे गेली. बेनेलीची टीआरके ५०२ ही गाडी २०२० आणि २०२१ मध्ये इटलीत सर्वाधिक विकली गेलेली मोटरसायकल ठरली. ही गाडी जड आहे, वेगवानही नाही. पण दिसायला ती मोठ्या प्रवासी गाडीसारखी आहे, तिची टाकी वीस लिटरची आहे, आणि किंमत सहा हजार युरोंच्या आसपास होती. डुकाटी आणि मोटो गुझ्झीच्या देशात हे घडले, म्हणून मी त्याला फार महत्त्व देतो.

युरोपातल्या या यशामागे परवान्याचा एक नियम आहे. युरोपीय संघात ए-२ परवान्याच्या चालकाला ३५ किलोवॉटपर्यंतचीच, म्हणजे साधारण ४७ अश्वशक्तीची मोटरसायकल चालवता येते. मोठ्या गाडीचा परवाना थेट हवा असेल तर वयाची चोवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे ४०० ते ५०० सीसीच्या गाड्यांना दरवर्षी नवा ग्राहकवर्ग मिळतो. जपानी कंपन्यांनी या वर्गाकडे पुरेसे लक्ष दिले नाही. त्यांचा नफा मोठ्या गाड्यांत होता आणि लक्ष आग्नेय आशियात. चिनी कंपन्यांनी नेमकी ही जागा पकडली. सीएफमोटोची ४५०एमटी पाहा: ४४९ सीसीचे जोड-सिलिंडर इंजिन, २७० अंशांचा क्रँक, लांब पल्ल्याचे सस्पेन्शन, पुढे एकवीस इंची चाक. खडबडीत रस्त्यासाठी अशी मध्यम आकाराची गाडी लोक कितीतरी वर्षे मागत होते. अमेरिकेत आयबेक्स ४५० या नावाने ती ६,४९९ डॉलरना आली. तिथल्या जाणकारांनी तिचे स्वागत केले ते ती स्वस्त आहे म्हणून नव्हे, तर दुसऱ्या कोणी तशी गाडी बनवलीच नव्हती म्हणून. यात मला खरा बदल दिसतो.

चीनच्या आतली परिस्थितीही या कंपन्यांना बाहेर ढकलते. तिथल्या पुष्कळ मोठ्या शहरांत मोटरसायकलींवर बंदी किंवा कडक बंधने आहेत; ग्वांगझौने २००७ पासून त्या रस्त्यांवरून हटवल्या. रोजच्या वापराची जागा बॅटरीवरच्या हलक्या दुचाकींनी घेतली. पेट्रोलच्या मोटरसायकलीला उरला तो हौशी ग्राहक, आणि तो मोठ्या इंजिनाची गाडी मागतो. चिनी कंपन्यांची २५० सीसीच्या वरच्या गाड्यांची विक्री, निर्यात धरून, २०२० मध्ये सुमारे दोन लाख होती, ती २०२४ मध्ये सात लाखांच्या पुढे गेली. या हौशी तरुण ग्राहकाला नवी मॉडेल्स सतत हवी असतात. घरच्या बाजारात अशी तालीम झाल्यामुळेच दोन-तीन वर्षांत पूर्ण नवी गाडी बाजारात आणण्याचा वेग या कंपन्यांना साधतो. प्रदूषणाच्या युरो-५ आणि युरो-५ प्लस या निकषांची पूर्तता, बॉशचे एबीएस, केवायबीचे सस्पेन्शन, पिरेली टायर, हे सगळे आता त्यांच्यासाठी नेहमीचे झाले आहे. इंजिन टिकेल का, वेल्डिंग तुटेल का, हे प्रश्न पहिल्या पाच कंपन्यांच्या बाबतीत आता विचारण्याचे कारण उरलेले नाही.

खरी अडचण पुढची आहे. समजा, फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या एका ग्राहकाची चार वर्षांची चिनी मोटरसायकल पार्किंगमध्ये आडवी पडली. उजवीकडचे प्लॅस्टिकचे आवरण, ब्रेकचा लिव्हर आणि रेडिएटर एवढेच बदलायचे आहे. विक्रेता मागणी नोंदवतो. दरम्यान त्या मॉडेलच्या दोन नव्या आवृत्त्या निघालेल्या आहेत. आवरणाचा जुना साचा कंपनीकडे नाही, पुरवठादाराकडे आहे. त्याला तो पुन्हा यंत्रावर चढवायला किमान काही शेकड्यांची मागणी हवी आहे. रेडिएटर येतो, पण त्याच्या खुंट्या दुसऱ्या अंतरावर आहेत, कारण मध्यंतरी पुरवठादार बदलला आणि भाग-सूची चासी क्रमांकानुसार लावलेली नव्हती. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली, तेव्हा या वाटेत आणखी आठवडे वाढले. ग्राहकाचा उन्हाळा गेला. युरोपात मोटरसायकलीचा हंगामच मुळी पाच-सहा महिन्यांचा असतो. अशा प्रकरणात विमा कंपनीलाही लवकरच उमगते की दुरुस्तीपेक्षा गाडी भंगारात काढणे स्वस्त पडते, आणि मग त्या मॉडेलचा विमा-हप्ता वाढतो.

हे उदाहरण मी कल्पून सांगितले असले, तरी त्यातला प्रत्येक टप्पा पुरवठा-साखळीत काम करणाऱ्याच्या ओळखीचा आहे. चोंगचिंगच्या मूळ पद्धतीतला वेगच इथे आड येतो. दरवर्षी नवे मॉडेल म्हणजे दरवर्षी नवे साचे, आणि प्रत्येक साच्यामागे पुढची दहा वर्षे सांभाळायचे एक ओझे. होंडा किंवा यामाहा पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीचा गॅस्केट देते, कारण तिने मॉडेल्स कमी बदलली, अनेक गाड्यांत समान भाग वापरले आणि भागांच्या गोदामाला नफ्याचे स्वतंत्र केंद्र मानले. चिनी कंपन्यांत ही दृष्टी आता कुठे येते आहे. त्यातही बहुतेकांचा युरोपातला कारभार स्वतःच्या कंपनीमार्फत चालत नाही, देशोदेशीच्या आयातदारांमार्फत चालतो. आयातदार बदलला की जुन्या गाड्यांची जबाबदारी अधांतरी राहते. आपल्याकडे बेनेली पुण्यातल्या एका समूहामार्फत आली आणि २०१८ मध्ये वितरक बदलला, तेव्हा मधल्या काळात गाडीमालकांची झालेली ओढाताण महाराष्ट्रातल्या हौशी चालकांना आठवत असेल. गाडी तीच होती, कारखाना तोच होता, पण सेवेची साखळी तुटली होती.

यातून पुनर्विक्रीची किंमत ठरते, आणि ब्रिटनसारख्या देशात तीच नव्या गाडीची विक्री ठरवते. तिथे बहुसंख्य महागड्या गाड्या हप्त्याच्या अशा योजनेवर जातात की तीन वर्षांनंतरची किंमत वित्तकंपनी आधीच गृहीत धरते आणि ग्राहक फक्त मधला फरक फेडतो. तीन वर्षांनी जी गाडी निम्म्या किमतीला जाईल असे वित्तकंपनीला वाटते, तिचा मासिक हप्ता शोरूममधली किंमत दोन हजार पौंडांनी कमी असूनही बीएमडब्ल्यूच्या हप्त्याजवळ जाऊ शकतो. म्हणून लांब मुदतीची वॉरंटी हा केवळ जाहिरातीचा भाग नाही. वित्तकंपनीचा विश्वास विकत घेण्याचा तो मार्ग आहे. पण वॉरंटीमागे युरोपातच भरलेले गोदाम नसेल, तर ती कागदावर राहते.

म्हणून मी कंपन्या निवडताना एकच कसोटी लावतो: दुसऱ्याच्या नावासाठी, दुसऱ्याच्या शिस्तीखाली या कंपनीने किती वर्षे माल बनवला आहे? लोनसिन आणि तिची व्होज या कसोटीला उतरतात. व्होजच्या डीएस९००एक्समध्ये जे ८९५ सीसीचे इंजिन आहे ते बीएमडब्ल्यूच्या ९०० मालिकेच्या इंजिनाचेच कूळ आहे, आणि त्यामुळे त्याच्या अंतर्गत भागांची चिंता तुलनेने कमी. सीएफमोटो उतरते. चियांजियांग तिच्या बेनेली आणि क्यूजे या नावांसह उतरते. हार्ली-डेव्हिडसनच्या एक्स ३५० आणि एक्स ५०० या गाड्या तिनेच बनवल्या. सुझुकीबरोबर दीर्घकाळ काम केलेली हाओजुए पश्चिमेत फारशी दिसत नाही, पण ठरवले तर ती सर्वांत भक्कम ठरेल असे मला वाटते. कोव्हेसारख्या छोट्या कंपनीबद्दल मला आदर आहे. २०२३च्या डकार रॅलीत पहिल्याच प्रयत्नात तिच्या तिन्ही गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्या, आणि हे सोपे नाही. तरीही ४५० सीसीची रॅली-गाडी घेणारा ग्राहक स्वतः पाना हातात घेणारा असतो; रोज कामावर जाणाऱ्या माणसाला मी आज ती सुचवणार नाही. बाकी जी डझनावारी नावे मिलानच्या मोटरसायकल प्रदर्शनात दिसतात, त्यांतली बरीच दहा वर्षांनी नसतील. लिफानसारखी मोठी कंपनी मोटारींच्या व्यवसायात हात पोळून २०२० मध्ये न्यायालयीन पुनर्रचनेत गेली, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. तिथे ए-२ सारखा परवाना नाही, त्यामुळे मधल्या आकाराच्या गाड्यांची सक्तीची मागणी नाही. चिनी मालावरची आयातशुल्के २०१८ पासून चढत गेली आणि ती कधी किती होतील हे विक्रेत्याला आधी सांगता येत नाही. अंतरे मोठी, विक्रेते विखुरलेले. तरी सीएफमोटोने तिथे २००७ पासून मिनेसोटात, म्हणजे पोलारिस या अमेरिकी प्रतिस्पर्धी कंपनीच्या अंगणातच, बस्तान ठेवले आहे आणि शेतावर, रानात चालणाऱ्या चारचाकी वाहनांतून विक्रेत्यांचे जाळे बांधले आहे. तिच्या मोटरसायकली त्याच जाळ्यावर स्वार होऊन जातात. ज्यांच्याकडे असे जाळे नाही, त्यांनी अमेरिकेत पैसे ओतू नयेत.

शेवटचा मुद्दा आपल्याशी थेट संबंधित आहे. युरोपात ४५०एमटी ज्यांच्याशी स्पर्धा करते त्यांत केटीएमची ३९० आणि ट्रायम्फची ४०० आहे, आणि या दोन्ही चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २०२५ मध्ये बजाजने पैसा घालून तिचे नियंत्रण आपल्याकडे घेतले. आता केटीएमच्या छोट्या गाड्या चाकणला आणि मधल्या गाड्या हांगझौला, अशी विभागणी बजाजच्या हाती आली आहे. तिकडे चिनी निर्मितीशी जोडलेल्या ब्रिक्स्टनच्या गाड्या भारतात कोल्हापूरच्या कंपनीमार्फत जुळणी होऊन विकल्या जाऊ लागल्या आहेत. खर्चाच्या बाबतीत चाकण हांगझौच्या जवळ आहे. भागांच्या नोंदी आणि जुन्या मॉडेलचा पुरवठा यांत, केटीएमबरोबर २००७ पासून काम केल्यामुळे, ते पुढे आहे असे माझे मत आहे. नवे मॉडेल आणण्याच्या वेगात मात्र ते स्पष्टपणे मागे आहे, आणि दोन सिलिंडरांच्या इंजिनांचा मोठा अनुभव अजून चाकणकडे नाही. सातशे-आठशे सीसीच्या पुढच्या केटीएमचे क्रँककेस कुठे ओतले जातील, याचा निर्णय येत्या काही वर्षांत बजाजला घ्यावा लागेल. ते काम चाकणकडे यावे असे मला मनापासून वाटते. पण आज ते काम मिळाले, तर तेवढ्या अचूकतेचे मोठे ॲल्युमिनियम ओतकाम तेवढ्या संख्येने देऊ शकणारे पुरवठादार पुणे परिसरात मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच दिसतात.